हरभऱ्याची आंब

डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, माहेरी होते. मिळेल त्या एसटीनं निघाले आणि शिरूर अनंतपाळजवळच्या त्यांच्या गावी मातीला कशीबशी पोचले. जाताना रडत गेले. परतले ती मात्र रागानं भरून... आज काही आठवडे झाले, राग तसाच आहे.

डॉ. दिगंबर तोंडाच्या कर्करोगाचे सर्जन. लातूरच्या आमच्या रुग्णालयात किरणोपचारानं गाठ जायची, पण जीभ, गाल सगळं भाजून निघायचं. मुखेडचा एक हमाल त्यांना म्हणाला होता, "साहेब, रोग गेला, पण भाकर गिळंना झालीय." त्या वाक्यापायी डॉक्टरांनी आयुष्य घातलं. किरणांच्या वाटेतून जीभ बाजूला राहावी म्हणून प्रत्येक पेशंटसाठी ते दंतवैद्य वापरतात त्या मेणाचा साचा स्वतः ओतायचे. भाजलेल्या तोंडासाठी मलमं करायचे, आधी स्वतः चाखायचे आणि तोंड वाकडं करायचे. "कडू असलं तर आपला माणूस थुंकून टाकतो, ताई. सगळं संशोधन पिकदाणीत."

माझं काम तिथं आत राबणाऱ्या डॉक्टर-नर्सना किरणांपासून जपण्याचं. प्रत्येकाच्या गळ्याशी एक छोटा बॅज असतो. अंगावर किती किरण पडले ते तो मोजतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की त्या माणसाला मी कामावरून बाजूला करायचं, मग तो कुणीही असो. सुरुवातीलाच मी हे डॉक्टरांना बजावलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "मग तुमच्याशी जपूनच राहायला पाहिजे." मला ती थट्टा वाटली. शिकाऊ डॉक्टर बॅज विसरला तर तेच त्याला दारातून परत पाठवायचे, त्यामुळं मी निर्धास्त होते.

गाठीत औषधी सुया नेमक्या बसवायच्या तर चालू एक्स-रेखाली हात घालावा लागतो. ते कसब आमच्या भागात त्यांच्याच हातात होतं. पेशंटला हैदराबादला जा म्हटलं, की तो थेट घरी जायचा आणि घरीच संपायचा. म्हणून डॉक्टर कुणालाच परत पाठवत नसत. पुढं त्यांच्या बोटांची सालं निघायला लागली, नखं काळवंडली. मी विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई ताई. गावाकडं हरभरा काढला, आंब लागली." हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबेनं कातडं सोलतं, एवढं मी ऐकून होते. नांदेडच्या गल्लीत वाढलेली बाई मी, हरभरा मला भाजीबाजारातच भेटलेला. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा तर आषाढात, रानात हरभरा नसतानासुद्धा त्यांना आंब लागली होती...

मग बोटावरची जखम चिघळली. कर्करोग निघाला, काखेत गेला, फुफ्फुसात गेला. लोक कुजबुजायला लागले, तेव्हा मीच सगळ्यांशी भांडले. त्यांच्या बॅजचे आकडे कायम मर्यादेत आहेत, किरणांचा काही संबंध नाही, असं त्यांच्या खाटेशेजारी उभी राहून ठासून सांगत होते. डॉक्टर छताकडं बघत पडून होते.

मातीनंतर त्यांच्या धाकट्या भावाजवळ बसले होते. बोलता बोलता हरभऱ्याचा विषय निघाला. तो माझ्याकडं बघतच राहिला. "दादा आन् हरभरा? त्यानं रानात पाय ठिवून लई वरसं झाली, ताई." शेजारी थिएटरच्या कौसल्या सिस्टर होत्या. त्या खालमानेनं म्हणाल्या, "सर आत जाताना बॅज काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचे. तुम्हाला सांगू नका म्हणले होते."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. मी त्यांना थांबवलं असतं, हे ते जाणून होते आणि म्हणूनच फसवलं. पेशंटांसाठी केलं, असं सगळे हात जोडून सांगतात. असेल. पण मी त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला आणि त्यांनी तो वापरून घेतला. इतकी वर्षं मी जिवापाड जपलं ते त्यांना नव्हे, एका खुंटीला. हे मी त्यांना माफ करू शकत नाही. ज्यानं परक्यांच्या जिभा जपल्या, त्यानं माझ्याशी एकदा खरं बोलायला काय हरकत होती?

गेल्या आठवड्यात त्यांची विद्यार्थिनी अस्मिता पहिल्यांदाच एकटीनं सुया बसवणार होती. मी दाराशी उभी होते. ती माझ्याशी बोलत बोलत आली, गळ्याचा बॅज काढला आणि त्याच खुंटीला अडकवला... अगदी सहज, इतकी वर्षं सरांना बघत आलेली. मी तिचे हात धरले, बोटं उताणी करून पाहिली. अजून स्वच्छ होती.

"काय बघताय, मॅडम?"

"हरभरा काढायला गेली होतीस का?"

"न्हाई," ती गोंधळली. "आमच्याकडं शेतच न्हाई."

मी बॅज काढून तिच्या गळ्याशी लावला. खुंटी उपटायला सुतार बोलावला होता, त्याला परत पाठवलं. आता रोज सकाळी आत काम सुरू झालं की मी तिथं जाते आणि खुंटी रिकामी आहे ना, ते हात लावून बघते.