सही नसलेल्या बारा राण्या

माझी मावशी दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायची. स्वतःसाठी मात्र ती पुराणातल्या आणि इतिहासातल्या बायका रंगवायची, आणि त्या चित्रांत बाई औषधालाही नसायची. पणाला लावलेली राणी म्हणजे नुसता कंगवा. धरणीत गेलेली म्हणजे नांगराची रेघ. नवऱ्यामागे राज्य हाकणारी म्हणजे गंजका तराजू.

“चेहरा काढला की लोक नाकच बघत बसतात,” ती म्हणायची. चित्रावर सहीही करायची नाही. “राण्यांची नावं लिहिली नाहीत, मग मी कोण टिकोजीराव?”

चार माणसांत बोलायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची. म्हणून बोलायचं काम धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडे. रोज संध्याकाळी मावशी आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगायची, कंगवाच का, गंज कशासाठी. हाताला टर्पेंटाइनचा वास. आई भाजी निवडत ऐकायची. मला वाटायचं, किती जीव आहे आईचा बहिणीवर!

वाचनालयाने तिची बारा चित्रं कायमची लावायचं ठरवलं, तेव्हा सगळे कागद आईनेच भरले. उद्घाटनाला गेलो, तर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आईची सही. ठसठशीत, लाल रंगात. मावशी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिली.

आई माइकसमोर उभी राहिली. कंगवा, गंज, सगळं सांगितलं. एक शब्द चुकली नाही. शेवटचं चित्र यमाशी वाद घालणारीचं होतं: पलंगाशेजारी एक रिकामं स्टूल.

“हे मला आमच्या आईच्या आजारपणात सुचलं,” आईचा आवाज भरून आला. “नऊ महिने मी तिच्या उशाशी बसून होते.”

आजीच्या उशाशी मावशी बसली होती. आई दोनदा आली होती, फळं घेऊन. माझं डोकंच फिरलं. चित्रं ढापली ती ढापली, ते बसणंसुद्धा ढापलं या बाईने!

शेजारी बसलेल्या ग्रंथपालांनी मावशीला हळूच विचारलं, “आपण कोण?”

“मी... तिची मोठी बहीण,” मावशी म्हणाली. पुढचे शब्द काही केल्या बाहेर पडेनात. तिने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं.

तेवढ्यात आईने भाषण संपवलं आणि थेट माझ्याकडे बघून हसली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. मावशी माझ्या हातांकडे बघत होती.