आत्यानं न आणलेलं पोवळं

जानेफळहून आत्या गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी मेहकरच्या बाजारात वांगी निवडत होते. हातातलं नेमकं किडकं निघालं आणि आधी तिचाच आवाज कानात आला… "देठ पाह्य वं, पोट काय पाह्यतं!" मग रडू कोसळलं. महिना होत आला, अजून कोसळतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. तिच्या पत्रिकेत मंगळ, त्यानंच नवरा खाल्ला, असं लोक तोंडावर बोलत. ती मुकाट भाजीचा मळा करी. पुढे माझ्याही पत्रिकेत मंगळ निघाला, तीन स्थळं परत गेली आणि वडिलांचं धाबं दणाणलं. जोशीबुवांनी तोड सांगितली, पोवळं घाला. पण दुकानातलं नको, मुलीनं स्वतः समुद्रातून काढलेलं हवं. झालं! आत्या मला घेऊन रामेश्वरला निघाली. पिशवीत दशम्या आणि खुरपं. समुद्र म्हणजे जरा ओला मळा, अशी तिची समजूत.

दर्शन झाल्यावर नावाड्यानं आम्हांला जवळच्या बेटाकडे नेलं. ते सरकारनं राखलेलं. रखवालदारानं मोडक्या हिंदीत बजावलं, बघा, पण तोडू नका. आत्यानं मान डोलावली आणि खुरपं पदराखाली सारलं. ओहोटीचं पाणी गुडघ्याएवढं, नितळ. खाली दगडी फांद्या, कोबीसारखे गड्डे, त्यांतून निळे-पिवळे मासे ये-जा करत होते… मी तर खुळ्यासारखी बघतच राहिले. आत्यानं एक तांबूस गड्डा हेरला. त्यावर बारीक फुलं डुलत होती. खुरपं माझ्या हाती दिलं. "काढ पोरी, रखवालदार पाह्यत नाही."

खुरप्याचं टोक लागलं मात्र, सगळी फुलं झटकन मिटून आत गेली. मी किंचाळले. रखवालदार धावत आला, पण ओरडला नाही. म्हणाला, हा दगड नाही बाई, जीव आहे; बोटभर वाढायला वर्षं लागतात. आम्ही तशाच उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं एकेक फूल भीत भीत उघडलं. आत्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"भेलं वं माय ते… याचा काय गुन्हा? अन् माहा तरी काय होता?"

खुरपं तिनं पिशवीत टाकलं.

घरी वडील दारातच. "अक्का, पोवळं कुठाय?"

"समिंदरात. जिथल्या तिथं."

"अन् मंगळ?"

"तो आभायात. तोही जिथल्या तिथं. पोरीत काई खोट नाही, बापू. माह्यातही नोती."

पुढचं स्थळ आलं तेव्हा ही विधवा बाई थेट बैठकीत गेली. "पोरीले मंगळ हाय. चालत असन तं गूळ खा, नाही तं चहा पिऊन सुखानं जा." मुलाचे वडील घुटमळले. मुलानं खडा उचलून तोंडात टाकला. तो गृहस्थ अजून खडखडीत आहे आणि रोज माझ्या भाजीला नावं ठेवतो.

परवा जानेफळला आत्याच्या खोलीत बसले होते. एक मावशी माझ्या लेकीसाठी स्थळ घेऊन आल्या, पत्रिका मागू लागल्या. पत्रिकाच नाही, म्हटलं. "काऊन वं?" मी त्यांना सांगितलं, लेक याच खोलीत झाली, आत्याच्या हातांवर. बारशाला जोशीबुवा जन्मवेळ विचारत आले, तर आत्या म्हणाली, "आम्ही समदे पोरीकडे पाह्यत होतो, महाराज. घड्याळाकडे कोन पाह्यते?"