बाईंची गाडी मागे होती

"असूंदे," बाई म्हणत, आणि तोवर त्यांचा पाय ब्रेकवर गेलेला असे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे तुमच्यापैकी शिकलेल्यांना माहीत असेल. गाडी गटारात जायची वेळ आली तरी बाईंचा आवाज चढत नसे.

आम्ही मंडणगडचे. नवरा मुंबईला नोकरीत, घरी मी आणि सासूबाई, आणि सासूबाईंचं डायलिसिस दापोलीला. ऐन वेळी भाड्याची गाडी मिळाली नाही की त्यांचे सुजत चाललेले पाय बघत बसायचं. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी बाईंकडे नाव घातलं. त्यांनी वय विचारलं नाही. उंच टाचेची चप्पल तेवढी घरी ठेवून यायला सांगितलं.

बाईंची गाडी जुनी. खटका फिरवला तरच तिचे दिवे लागत. आमची नवी. चालू केली की पुढे दिव्यांच्या दोन पांढऱ्या पट्ट्या आपोआप उजळत, आतले वेगाचे आकडेही उजळत. गाडीला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, असं मी कौतुकाने सांगत असे.

लायसन्स मिळाल्यावर सासूबाईंना घेऊन पहिल्यांदा निघाले, तेव्हा बाईंनीही दापोलीला काम काढलं. तू हो पुढे, मी येते मागून, म्हणाल्या. पावसाळ्यातली दुपार होती. चढणीला एकाएकी दाट धुकं आलं आणि थोड्या वेळाने मागून हॉर्नवर हॉर्न वाजू लागला. मोकळी जागा बघून मी गाडी रस्त्याखाली घेतली.

बाई उतरून आल्या.

"तुझी गाडी दिसलीच नाय गो मला. अगदी अंगावर आल्यावर दिसली. म्हातारीला मागं बसवलंस नि मागं सगळा काळोख."

दिवे तर चालू आहेत, असं म्हणत मी पट्ट्या दाखवल्या. त्यांनी मला हाताला धरून मागे नेलं. मागे एकही दिवा नव्हता. मग त्यांनी आत वाकून खटका फिरवला. मागे लाल दिवे लागले, पुढे हेडलाइट लागले आणि पट्ट्या मंद झाल्या. काहीतरी बिघडलं असं वाटून मी दचकले. बिघडलं नाही, बाईंनी समजावलं. पट्ट्या दिवसाउजेडी समोरच्याला आपण दिसावं म्हणून असतात. हेडलाइट लागले की समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून त्या मंद होतात. मागच्याला त्यांचा उपयोग नाही.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीला हे नाय, म्हणून शिकवायचं रावलं."

त्या ओरडल्या असत्या तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नसता. सासूबाईंचं दापोलीला जाणं पुन्हा दुसऱ्यांच्या सवडीवर गेलं असतं. हे उपकार मी कधी विसरणार नाही.

दवाखान्याच्या दारापर्यंत बाई आमच्या मागे राहिल्या. सासूबाई वळूनवळून काचेतून त्यांचे दिवे बघत होत्या. पुढे बाई प्रत्येकाला एक दिवस घरची गाडी घेऊन यायला लावत आणि खटका फिरवून मागे उभं करत.

गेल्या वर्षी बाईंनी शाळा बंद केली आणि त्या लेकीकडे पनवेलला गेल्या.

परवा त्याच चढणीला पुन्हा धुकं आलं. मी हेडलाइट लावले, वेग कमी केला.

"बाई येतायत काय गो मागून?" सासूबाईंनी विचारलं.

त्या पनवेलला गेल्याचं मीच त्यांना सांगितलं होतं.

"येतायत," मी म्हटलं.

सासूबाईंनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले.