बेचाळीस विरुद्ध शून्य

संयोगिताबेन घोरपडे बडोद्यातल्या सुभानपुऱ्यातून शाळेला निघाल्या की स्कूटरच्या आधी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचायचा. पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते. घोडा गेला, आवाज तेवढा वारशानं आला. तो बेननी सव्वीस वर्षं नागरिकशास्त्राला वाहिला होता. घरीही सुटका नाही. आमटीत मीठ कमी आहे असं यजमान गजेंद्ररावांनी म्हटलं, की "मतदान घेऊ" म्हणायच्या. घरात माणसं दोनच, त्यामुळे गजेंद्रराव बिचारे अळणी आमटी खात.

पण या सातवीनं मात्र बेनना हात टेकायला लावले. शाळेच्या एका अंगाला हिंदूंची वस्ती, दुसऱ्या अंगाला मुसलमानांची. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंगावरून दगडफेक झाली आणि वर्ग मधोमध चिरला. खिडकीकडे एकवीस, दाराकडे एकवीस. डबे वेगळे, बोलणं बंद. मुख्याध्यापक देवेंद्रभाई वैतागले. "शनिवारपर्यंत बघतो," ते म्हणाले, "नाहीतर दोन वेगळे वर्ग करतो."

एकदा वेगळ्या खोल्यांत गेली, की ही पोरं जन्मभर वेगळ्याच खोल्यांत राहणार, हे बेनना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी वर्गात संसद भरवली. अध्यक्ष स्वतः, खिडकीकडचा पुढारी शौर्य, दाराकडची महेक. आणि काय सांगावं महाराजा, कुठलाही ठराव आणा, एकवीस-एकवीस! खो-खो की कबड्डी? एकवीस-एकवीस. फळा पुसावा का? एकवीस-एकवीस. शेवटी चिडून बेननी 'सूर्य पूर्वेला उगवतो' असा ठराव मांडला. तोही अडकला.

शनिवारी शेवटच्या तासाला देवेंद्रभाई वर्ग फोडण्याचा हुकूम हातात घेऊन दारात उभे राहिले. बेनचा तोल सुटला.

"बस थयुं," त्या कडाडल्या. "आता मतदान नाही न् काही नाही. मी अध्यक्ष, मी ठरवणार. खेळाचा तास कायमचा बंद."

शौर्य उठला. "असं कसं, बेन? तुम्हीच शिकवलंत ना, अध्यक्षालासुद्धा काढता येतं. मी तसा ठराव मांडतो."

"माझं अनुमोदन," दाराकडून महेक म्हणाली.

दोघं दचकून एकमेकांकडे बघत राहिली. दीड महिन्यात त्यांनी एकमेकांचं पहिल्यांदाच काही ऐकून घेतलं होतं.

हात वर झाले. बेन मोजू लागल्या, चुकल्या, पुन्हा मोजले. बेचाळीस. विरोधात कुणी नाही. इतकं दणकून आपटल्यावर एवढा आनंद झालेला पुढारी दुनियेत दुसरा नसेल! बेन हसत हसत खुर्चीवरून उठल्या, पदरानं डोळे पुसत शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. वर्गानं महेकला अध्यक्ष केलं आणि शौर्यनं पट्टी आपटून सगळ्यांना गप्प केलं.

"साहेब, तुमचा कागद इथं ठेवा," महेक म्हणाली. देवेंद्रभाईंनी गोंधळून तो टेबलावर ठेवला. तिनं वाचला. "वर्ग फोडायला कुणाचा विरोध?"

महेकचा स्वतःचा धरून बेचाळीस हात. आणि मागच्या बाकावरून आणखी एक.

"बेन, हात खाली घ्या," शौर्य म्हणाला. "तुम्ही सभासद नाही."

संयोगिताबेननी मुकाट्यानं हात खाली घेतला. देवेंद्रभाईंनी कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवून दिला.