निंबा मिस्त्रीचं उत्तर

धुळ्यात देवपूरच्या मागच्या अंगाला निंबा मिस्त्रीचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. भिंतीला टांगलेले पाईप, पोत्यात नळ आणि पाईप वळवायचे कोपरे, दाराशी उघडून ठेवलेली एखादी पाण्याची मोटर. वीस वर्षं तो प्लंबिंगचं काम करतो. हाताला यश आहे असं लोक म्हणत, पण म्हणणारी माणसं गल्लीतली आणि आजूबाजूच्या चार कॉलन्यांतली. त्यापलीकडे निंबा नावाचा कोणी मिस्त्री आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं.

चारेक वर्षांपूर्वी तेवढंही काम आटत चाललं. शेजारच्या कॉलनीत नवी घरं झाली. तिथे राहायला आलेली माणसं शेजाऱ्याला विचारायची नाहीत, फोनमध्ये बघायची. एकदा निंबाच्या घरापासून चौथ्या दारी गळती काढायला आग्रा रोडवरचा माणूस आला. निंबा ओट्यावर बसून त्याला बघत राहिला.

हे त्याच्या बायकोच्या मनाला लागलं. सारिका सावद्याची, दहावीपर्यंत शिकलेली. तिने स्वतःच्या फोनवर 'प्लंबर' असं लिहून बघितलं. एकामागून एक नावं आली, निंबाचं कुठेच नाही. फोन त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "दखा, आपण शेतस, पण दिसतस नही." दुकान असूनही फोनच्या लेखी ते नव्हतंच.

मग ती हात धुऊन मागे लागली. कुठून कुठून शिकून तिने नकाशावर दुकानाची नोंद केली. पहिल्यांदा खूण चुकून नाल्यात पडली, लोक फोन करून विचारायचे की दुकान पाण्यात आहे का. ती खूण तिने सरकवून बरोबर दारावर आणली. दुकान खरं आहे हे दाखवायला चित्रफीत पाठवावी लागली, तेव्हा निंबाला पाटी, कुलूप, पाने-पकडी सगळं दाखवत चालायला लावलं. तो इतका अवघडला की कुलपात किल्लीच जाईना. नावाच्या पुढे 'धुळ्यातील सर्वांत उत्तम' असं जोडायला कोणी सांगितलं तर तिने मान हलवली. पाटीवर जे नाव, गाडीवरच्या हत्यारांच्या डब्यावर जे नाव, तेच फोनमध्ये. नंबर मात्र सगळीकडे तिचा एकच. निंबाचे हात कायम ओले, तो फोन कसा घेणार?

काम झालं की आठ दिवसांनी ती स्वतः गिऱ्हाइकाला फोन करायची. पाणी नीट येतंय का, सांध्यातून ओल नाही ना. सगळं ठीक असलं तरच म्हणायची, "मग दोन ओळी लिहा ना आमच्याबद्दल." लोक लिहायचे. आणि लिहिलेल्या प्रत्येकाला ती उत्तर द्यायची, पुस्तकातल्यासारख्या मराठीत, पण माणूस ओळखून. 'धन्यवाद काकू, टाकीचं झाकण आता घट्ट बसतंय ना?' 'दादा, तुमच्या नातवाला सांगा, नळ हळू फिरव.' निंबा विचारायचा, एवढं लिहून काय मिळतं? ती म्हणायची, "दारात येऊन कोणी बोललं तर आपण गप उभं राहतो का? हेही दारच आहे."

दीड वर्षात फोनमधल्या यादीत निंबाचं नाव वर आलं. वलवाडी, साक्री रोड, मोहाडी, कुठून कुठून फोन येऊ लागले. धुळ्यात नळाला पाणी काही रोज येत नाही. आठ-आठ दिवसांनी येतं, आणि आलं त्या दिवशी मोटर बंद पडली तर घराचे हाल. त्यामुळे पाण्याच्या दिवशी सारिकाचा फोन थांबायचा नाही. कोण आधी, कोण नंतर, हे तीच ठरवायची. निंबा सकाळी सातला बाहेर पडायचा तो दिवेलागणीलाच परत. मुलगी रूपा फैजपूरला दिली होती, घरात दोघंच. दोघांचं बोलणं व्हायचं ते बहुतेक फोनवर, आणि तेही पुढचा पत्ता सांगण्यापुरतं.

गेल्या मे महिन्यात तीन दिवस सारिका म्हणत होती, "मन्हं डोकं दुखस." पहिल्या दिवशी निंबा म्हणाला, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, गोळी ली ले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन निघताना ती भिंतीला टेकून बसली होती. तो दारात थांबला. "दवाखान्यात जायचं का?"

"संध्याकाळी जाऊ," ती म्हणाली. "तुम्हीन जा. लोके वाट दखी ऱ्हायनात."

तो गेला. हे त्याने नंतर कितीदा मनात उगाळलं याला गणती नाही.

साडेदहाला तो मोहाडीत एका गच्चीवर होता, तेव्हा शेजारच्या बुधीबाईंचा फोन आला. सारिका ओट्यावर पडली होती, हातात फोन तसाच. बुधीबाईंनी रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. निंबा पोचला तेव्हा ती बोलत नव्हती. डोक्यात रक्तस्राव झाला आहे, रक्तदाब फार वाढलेला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. "काही त्रास सांगत होत्या का आधी?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दिवसकार्य आटोपलं. पाहुणे गेले, रूपा राहिली. आईचा फोन तिच्याकडे होता. एका दुपारी तो बघताना तिचा चेहरा उतरला. निंबाने विचारलं तेव्हा तिने नाइलाजाने वाचून दाखवलं. आई पडली त्याच दिवशी संध्याकाळी कोणी हितेंद्र पाटील यांनी पाचपैकी एकच तारा देऊन लिहिलं होतं: 'अकरा वाजता येतो सांगून आले नाहीत. नंतर फोनही उचलला नाही. घरात आजारी माणूस असताना दिवसभर ताटकळत ठेवलं. यांच्यावर विसंबू नका.'

"आबा, मी तक्रार करते. काढायला लावू."

"कशाला?" निंबा म्हणाला. "खोटं कुठे लिहिलंय? मी गेलो नाही."

"पण त्यांना काय माहीत…"

"तेच. त्यांना काय माहीत."

रूपा फैजपूरला परतली. फोन आता निंबाच्या खिशात आला. तो वाजायचा, निंबा हात पुसून घ्यायचा, कधी घ्यायचाच नाही. पण ते लिहिलेलं त्याला सोडेना. बाकी सगळ्यांच्या खाली सारिकाचं उत्तर होतं. फक्त त्या एकाच्या खाली कोरी जागा.

एका रविवारी तो लिहायला बसला. आधी बोलून बघितलं, तर त्याची अहिराणी फोनला कळेना. तो एक बोले, फोन भलतंच उमटवी. मग एकेक अक्षर शोधून बोटाने लिहिलं. शाळा नववीत सुटलेली. अंगठ्याएवढी जाड बोटं, एकदा दाबावं तर दोन अक्षरं यायची. सकाळचा चहा गार होऊन वर साय धरली तरी तो लिहितच होता. शेवटी झालं ते असं:

'सर तुम्ही बरोबर लिहिलं. मी आलो नाही. अकराचा शब्द सारिकाने दिला होता. साडेदहाला ती पडली. दुसऱ्या दिवशी गेली. तिचं डोकं तीन दिवस दुखत होतं, मी कामाला जात राहिलो. ती कोणाला दिलेला शब्द मोडत नव्हती. तुमचं काम राहिलं असेल तर सांगा, येतो. निंबा.'

त्याने ते पाठवलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसला. तीन दिवसांच्या डोकेदुखीचं त्याने अजून कोणाला सांगितलं नव्हतं, रूपालाही नाही.

चार दिवसांनी त्या हितेंद्र सरांचा फोन आला. कॉलेजात शिकवणारे, आवाज जड. "निंबाभाऊ, काय बोलू कळत नाही. मला माहीत असतं तर…"

"तुमचं बरोबर होतं, सर. तुमच्याकडे आजारी माणूस होतं."

"आई आहे माझी. अंथरुणावर असते." सर म्हणाले. "त्या दिवशी सव्वादहाला मोटर बंद पडली म्हणून मी फोन केला, तेव्हा वहिनी फार हळू बोलत होत्या. मी रागात होतो. त्यांनी विचारलं, सर, आजींना प्यायला पुरेल एवढं पाणी आहे ना घरात? नसेल तर मी कोणाकडून तरी हंडा पाठवते. मी म्हटलं, हंडा नको, माणूस पाठवा."

ती शेवटचं काय बोलली हे बुधीबाईंनाही माहीत नव्हतं. ते असं परक्या माणसाकडून त्याला मिळालं.

"मी ते लिहिलेलं काढून टाकलंय," सर म्हणाले. "आजच. तेवढं तरी करायलाच हवं होतं."

"बरं केलं, सर," निंबा म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने उघडून बघितलं. सरांचं लिहिणं खरंच गेलं होतं. आणि त्याखालचं निंबाचं उत्तरही. त्याने वर-खाली सरकवलं, बंद करून पुन्हा उघडलं. काकूंचं झाकण होतं, नातवाचा नळ होता, सारिकाची सगळी उत्तरं जागच्या जागी होती. त्याचं तेवढं नव्हतं.

त्याने रूपाला फोन लावला.

"आबा, त्यांनी त्यांचं काढलं की त्याखालचं आपलंही जातं," ती म्हणाली.

"परत येत नाही?"

"नाही. पण चांगलंच झालं ना. आता आपलं नाव पुन्हा वर येईल." मग तीच म्हणाली, "हवं तर दुसरीकडे टाकू आपण. सणावाराला सूट लिहितात तशी जागा असते."

"जाहिरातीच्या जागी नको." मग त्याने विचारलं, "तू वाचलं होतं का ते?"

"वाचलं होतं."

"मग सांग बरं, काय लिहिलं होतं मी."

रूपा आठवून सांगू लागली. शब्द पुढेमागे झाले, साडेदहाचे साडेनऊ झाले. मग ती अडखळली. "आणि डोकं दुखायचं ते," ती हळूच म्हणाली. "तीन दिवसांचं. मला तर आई फोनवर काही बोलली नाही, आबा."

"मला बोलली होती," निंबा म्हणाला.

मग रूपा रडू लागली, आणि निंबा फोन कानाला तसाच धरून, तिचं रडणं ओसरेपर्यंत ओट्यावर बसून राहिला.