कडेच्या शेंगा

फोन दुपारी आला. शेंगा तोडायला येणाऱ्या सुमन आक्काची मुलगी एवढंच म्हणाली, “भाऊ, माय गयी…” मागे सुरतेतल्या नवागामच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट चालू होता. त्याला दीड महिना झाला. आमच्या कामावरच्या साहेबांसमोर जे एकदा बोलायला हवं होतं, ते तेव्हा मी बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

सुरतेबाहेरच्या एका प्रयोगक्षेत्रावर मी नोंदी ठेवतो. कडधान्याचे नवे वाण या मातीत कसे उतरतात, ते आधी इथे पाहतात. ते बोलायचं राहिलं त्या वर्षी उन्हाळी मुगाचा प्रत्येक वाण तीन पट्ट्यांत पेरला होता; पाटीवर नाव नाही, नुसता आकडा. शेंगा तोडायला नवागामहून आठ बायका येत, आणि त्यांतलीच धुळ्याकडची आक्का त्यांची म्होरकी. नवऱ्याचं लूमवरचं काम सुटल्यापासून तिचं घर याच मजुरीवर होतं. वाफ्याच्या कडेच्या झाडांना उजेड जास्त मिळतो, शेंगाही जास्त लागतात. म्हणून त्या शेंगा आधी तोडून बाजूला काढायच्या आणि आतल्या झाडांचंच वजन धरायचं. हे नीट होतंय ना, ते पाहायला बांधावर उभं राहणं माझं काम. त्या सकाळी तिसरा पट्टा तोडायच्या वेळी मी लिंबाखाली पुस्तक उघडून बसलो होतो. दहा मिनिटं म्हणून…

दुपारी थैल्या काट्यावर चढल्या. तिसऱ्या पट्ट्यातला प्रत्येक वाण बाकी दोन्हींपेक्षा भारी भरला. दुसऱ्या दिवशी बाहेरचे शास्त्रज्ञ पाहणीला येणार होते. “आ कोणे तोड्युं?” साहेबांनी गुजरातीत विचारलं. बायका मातीकडे पाहू लागल्या. आक्का पुढे सरली, तशी शेजारची पुटपुटली, “गप ऱ्हाय ना वं, काम जाई!”

“मीच टाक्यात साहेब, कडनी शेंगा थैलीमा,” आक्का म्हणाली. “बाजूले ठेवेल शेंग उन्हमा तडकी जास. तशी सोडाले जीव झाया नही.”

“तमे उभा हता ने?” साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं. आक्काही माझ्याकडे पाहत होती. मी नव्हतो, एवढंच म्हणायचं होतं. मी वही उघडली आणि तिसऱ्या पट्ट्यावर लाल रेघ मारली… साहेबांनी आक्काला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

वर्षभर ती सुरतेच्याच बमरोलीत साड्यांचे धागे कापत होती. पुढच्या उन्हाळ्यात तोडणीला हात कमी पडले, तेव्हा तिला परत बोलावलं. पहिल्याच सकाळी मी म्हणालो, “आक्का, त्या दिवशी मी बांधावर नव्हतो.”

“माले माहीत शे,” पदर खोचत ती म्हणाली. “तू उभा ऱ्हाता तर मी टाकती का?” मग ती शेंगा तोडत पुढे गेली. ओळीच्या पार दुसऱ्या टोकावरून तिचा आवाज आला, “आते तरी उभा ऱ्हाय!”

साहेबांना मी हे तिच्या दहाव्यानंतर सांगितलं. फार उशीर केला, असं ते म्हणाले.

या उन्हाळ्यात तोडणीला तिच्या सात बायका आल्या, आणि एक नवी. बस चुकल्याने मला पोहोचायला उशीर झाला. ऊन चढलं होतं, शेंगा तडकायच्या बेतात होत्या, आणि आठही जणी रिकाम्या थैल्या घेऊन वाफ्याबाहेर उभ्या होत्या. मी बांधावर चढून उभा राहिलो, तेव्हा पहिलीने कडेच्या झाडाला हात घातला.