नियोजित जिल्ह्यात रिव्हर्स

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात मी गाडी घेतली. घरात प्यायला पाणी नाही आणि दारात गाडी, हे शेजाऱ्यांना विचित्र वाटलं असावं. पाणी आणायलाच घेतली, असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि ते निम्मं खरंही होतं. माझे आईवडील नांदेड जिल्ह्यातल्या नायगावला राहायचे. त्यांच्या गल्लीतल्या बोअरला अजून पाणी होतं. दर रविवारी जायचं आणि वीस लिटरचे सहा कॅन भरून आणायचे, असा बेत होता.

उरलेलं निम्मं सांगायला जरा लाज वाटते. माझं लातूरला चष्म्याचं दुकान होतं. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन कर्नाटकच्या सीमेकडचा एक मोठा तालुका नवा जिल्हा होणार, अशी बातमी रोज कोणीतरी पक्की म्हणून सांगायचं. मी हिशेब मांडला. जिल्हा झाला की कलेक्टर कचेरी येणार, कचेरी आली की कारकून येणार, आणि कारकून आले की चष्मे लागणार. त्या गावात मी दुकानाची दुसरी शाखा उघडली. दोन जिल्ह्यांत दुकानं असणाऱ्या माणसानं बसनं हिंडावं हे बरं दिसेना.

गाडी जुनी होती, छोटी, पांढरी, मागचं दार वर उघडणारी. तिची मागची काच आधीच लहान होती. मागच्या सीटची डोकी आणि दोन्ही कोपऱ्यांचे जाड खांब यांच्यामध्ये टपालपेटीच्या तोंडाएवढी फट राहायची. मला तेवढी पुरत होती. पण एका रविवारी सीटकव्हर घ्यायला नांदेडच्या एका दुकानात शिरलो, आणि तिथं भिंतीला टांगलेला स्पॉयलर दिसला. काळा, चकचकीत, दोन मजली. टपाच्या मागच्या कडेवर बसवायचा पंखच म्हणा. वरचा मजला आभाळाकडे, खालचा काचेवर उतरलेला.

"ह्यानं काय होतं?" मी विचारलं.

"सर, गाडी स्पीडमधी असली का मागून उचलती," दुकानदार म्हणाला. "हे लावलं का हवा वरून दाबती. गाडी रस्त्याला चिकटून राहती."

"किती स्पीडला?"

"शंभरच्या वर गेलात का बघा मजा!"

नांदेड-लातूर रस्त्यावर त्या काळी पन्नासच्या वर गेलं की मजा वेगळीच व्हायची. शिवाय मागं सहा कॅन, म्हणजे एकशेवीस लिटर पाणी. गाडीचं बूड आधीच टेकलेलं असायचं. तरी मी स्पॉयलर लावला. मागच्या दाराला ड्रिलनं चार भोकं पाडताना दुकानदारानं एकदा विचारलं, "पक्कं ना, सर?" मी हो म्हणालो.

त्यानंतर आतल्या आरशात बघितलं की वर स्पॉयलरची काळी पट्टी, खाली कॅनची निळी टोपणं आणि मध्ये चार बोटं जग दिसायचं. मागून मोटारसायकल आली तर माणसाचं पोट दिसायचं. पोटावरून माणूस ओळखायला मी शिकलो होतो. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा मी, स्वतःच्या मागं कोण आहे ते मला कळत नव्हतं. याचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

वाटलं ते माझ्या वडिलांना. ते बसचे कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी नायगावला पोचली तसे ते तिच्याभोवती एक फेरी मारून मागच्या बाजूला थांबले.

"हे काय रं?"

"स्पॉयलर. हवा दाबायला."

"हवा दाबायला," ते म्हणाले. वाकून त्यांनी काचेतून आत बघितलं. "आन् मागचं कसं दिसतंय?"

"आरसे आहेत की बाजूला."

"डावा तर मिटून ठेवलास."

डावा आरसा मी मिटून ठेवायचो, कारण लातूरच्या गंजगोलाईत मोटारसायकलवाले त्याला हात लावल्याशिवाय पुढं जात नसत. हे त्यांना सांगितलं नाही.

कॅन भरले. गल्ली अरुंद, त्यामुळं गाडी मागं घेतच बाहेर काढावी लागे. मी रिव्हर्स टाकला आणि मागून शिट्टी वाजली. वडील गल्लीच्या मधोमध उभे होते. खिशातून नोकरीतली जुनी शिट्टी काढून ते दोन्ही हातांनी मला बोलवत होते. "येऊ दे, येऊ दे... हळू, उजवीकडं... हां!" गल्लीतली सगळी दारं उघडली. टेलरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. कुणीतरी ओरडलं, "चला, देगलूर, देगलूर!" सगळे हसले.

मी काच खाली केली. "बाबा, लोक हसून राहिलेत. शिट्टी नका वाजवू. मला जमतं."

त्यांनी शिट्टी खिशात टाकली. पुढच्या रविवारी गाडी निघाली तेव्हा ते ओट्यावरच बसून राहिले.

त्या शिट्टीचं मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या वस्तीत सरकारी नोकरी मिळालेले ते पहिले. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, पण बस ज्या गावांमधून जायची त्या गावांनी तसं काही घेतलं नव्हतं. काही प्रवासी त्यांच्या हातावर सुटे पैसे वरून सोडायचे, हाताला हात लागू नये म्हणून. तिकीटसुद्धा टोकाला धरून घ्यायचे. पण बस मागं घेताना ते खाली उतरून शिट्टी वाजवायचे, तेव्हा सगळे बाजूला व्हायचे. बैलगाडीवाला थांबायचा, पाटील थांबायचा. "शिट्टी सगळ्यांला सारखीच ऐकू येती," असं ते आईला एकदा म्हणाले होते. मी तेव्हा लहान होतो आणि मला ते विनोदी वाटलं होतं.

मे महिन्यात नव्या जिल्ह्यासाठी गाड्यांची फेरी निघायची ठरली. तालुक्याच्या व्यापाऱ्यांचे अध्यक्ष माझ्या शाखेत आले. त्यांचं रसवंतीगृह होतं आणि पाण्याअभावी ते बंद पडलं होतं, त्यामुळं त्यांच्याकडे जिल्ह्यासाठी भरपूर वेळ होता.

"सर, तुमची गाडी पुढच्या रांगेत पाहिजे," ते म्हणाले. "लई स्पोर्टी दिसती."

मी फुललो. फेरीच्या आदल्या दिवशी वडील लातूरला आलेले होते. त्यांना म्हणालो, "चला, शाखा पण बघून होईल." ते तयार झाले आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले. तालुक्याच्या गावी पोचलो तर कार्यकर्त्यांनी स्पॉयलरच्या दोन मजल्यांमध्ये बांबू घातला आणि त्याला फलक बांधला: 'आमचा जिल्हा आम्हाला द्या.' फलक मागच्या काचेवर पूर्ण उतरला. आधी चार बोटं दिसत होतं, आता तेही गेलं.

वडिलांनी मान वळवून तो बघितला, मग समोर बघत बसले.

साठेक गाड्या निघाल्या. कडक ऊन, दोन्ही बाजूंना काळी उघडी रानं, आणि आमचा वेग सायकलीएवढा. स्पॉयलरवरच्या हवेला काहीच काम नव्हतं. तालुक्याच्या हद्दीवर लोखंडी कमान उभी केली होती: 'नियोजित जिल्ह्यात आपले सहर्ष स्वागत.' तिला फीत अजून बांधायची होती; ती कापायला पुढारी येणार होते. आमच्या पहिल्या चार गाड्या कमानीखालून पुढं जाऊन थांबल्या, त्यांत चौथी माझी; बाकीच्या अलीकडं. आणि पुढारी आले ते आमच्या समोरून.

"मागं घ्या! साहेबांना जागा द्या!" अध्यक्ष ओरडत आले.

मी रिव्हर्स टाकला. शेजारी वडिलांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मग त्यांनी ते मिटलं. पुढच्या क्षणी मागून कडाड असा आवाज झाला.

मी उतरलो. फलकाचा बाहेर आलेला बांबू कमानीच्या डाव्या पायात अडकून स्पॉयलरचा वरचा मजला तुटला होता. कमान जरा विचार केल्यासारखी थांबली, मग तिरकी झाली, आणि सावकाश रस्त्यावर आडवी झाली. लोक आधीच पळाले होते, कुणाला काही लागलं नाही. मातीत फक्त 'नियोजित' एवढं वाचता येत होतं.

"काय केलंत हो सर!" अध्यक्ष कपाळाला हात लावून म्हणाले. "जिल्हा व्हायच्या आधीच पाडलात की!"

बंदोबस्ताला असलेल्या हवालदारानं वही काढली. ठिकाण कोणतं लिहायचं, यावर वाद सुरू झाला. अध्यक्षांचं म्हणणं, नियोजित जिल्हाच लिहा, तेवढीच सरकारदरबारी नोंद होईल. हवालदार म्हणाला, असा जिल्हा नसतो. "नसतो कसा? मग आम्ही काय उन्हात उगंच उभे हाव?" दोघांचं काही जमेना. शेवटी हवालदारानं वही मिटली. माझा अपघात त्यामुळं कुठल्याच जिल्ह्यात झाला नाही.

तोवर रस्ता पूर्ण तुंबला होता. पुढं पुढाऱ्यांच्या गाड्या, मध्ये आडवी कमान, मागं साठ गाड्या, त्यांच्या मध्येच अडकलेले पाण्याचे दोन टँकर. सगळे हॉर्न वाजवत होते. टँकरवाले खाली उतरून शिव्या देत होते, आणि त्यांचं बरोबर होतं, पुढं गावं वाट बघत होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

वडील रांगेच्या शेवटी चालत गेले होते. सर्वांत मागची जीप त्यांनी आधी मागं घेतली, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. एक लांब शिट्टी म्हणजे येऊ द्या, दोन आखूड म्हणजे थांबा. गाडीवाल्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळत होतं. मग आठ जणांना धरून कमान उचलून बाजूला केली. टँकर आधी सोडले आणि शेवटी पुढाऱ्यांच्या गाडीला हातानं वाट दाखवली. गाडीची काच खाली गेली, पुढाऱ्यांनी नमस्कार केला. वडिलांनी मान हलवली आणि शिट्टी न थांबवता पुढच्या गाडीकडे वळले. कुणीही हसलं नाही. मी बंद पडलेल्या पंख्यासारखा गाडीजवळ उभा होतो.

परतताना मी विचारलं, "तुम्हाला कमान दिसत होती?"

"हाव."

"मग बोलला का नाही?"

"तूच म्हनला होतास ना, जमतं म्हनून."

पुढच्या फाट्याजवळ मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "बाबा, माझं चुकलं. त्या दिवशी गल्लीत." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "चहा घेऊ," ते म्हणाले. आम्ही चहा घेतला.

उरलेला स्पॉयलर मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. चार भोकं लांबी भरून बुजवली. पुढच्या रविवारी वडिलांनी मला नायगावच्या बाहेरच्या तलावात नेलं. तलाव म्हणजे भेगा पडलेलं, फुटबॉलच्या मैदानासारखं सपाट बूड. त्यांनी दगड मांडले, दोन्ही आरसे उघडायला लावले, आणि बेचाळिसाव्या वर्षी मला गाडी मागं घ्यायला शिकवलं. "मान वळव. आरशावर इस्वास ठेव, पन अर्धा." मी तीन दगड चिरडले. चौथ्याला त्यांनी शिट्टी वाजवली आणि मी बरोबर थांबलो.

माझी बायको कडेला धोंड्यावर बसून हे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, मला पण शिकवा." ती भोकरच्या शाळेत शिकवायची. आठवडाभर ती तिथं खोली घेऊन राहायची आणि शनिवारी बसनं नायगावला यायची. वडिलांनी तिला तीन रविवारांत तयार केलं. तिनं एकही दगड चिरडला नाही, हे ते पुढं सगळ्या पाहुण्यांना सांगायचे, मी समोर असताना.

नवा जिल्हा काही झाला नाही. कचेरी आली नाही, कारकून आले नाहीत. शाखा मात्र चालली, कारण त्या गावातल्या माणसांना तसंही दिसत नव्हतंच, फक्त कुणी तपासलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एक म्हातारी चष्मा लावून बाहेर गेली आणि परत येऊन म्हणाली, "समोरचा डोंगर एक हाय का दोन, म्हनून मी किती वर्सं भांडले घरी." मी विचारलं, किती आहेत? "एकच हाय," ती म्हणाली, जरा नाराज होऊन.

गाडी पुढं बायकोच्याच ताब्यात गेली. ती भोकरला गाडीनं जायची, मी दोन्ही दुकानांना बसनं. एका संध्याकाळी ती घरासमोर गाडी मागं घेऊन लावत होती. मी उत्साहानं मागं जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवत म्हणालो, "येऊ दे, येऊ दे!"

तिनं काच खाली करून मान बाहेर काढली.

"तुम्ही आधी बाजूला व्हा," ती म्हणाली. "काही दिसत नाही मला."